रानपिंगळा आणि एक खोटं लेबल

वाघ, बिबट्या, हत्ती यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत आणि ते छान लिहितात. आज मी ज्याच्यावर लिहिणार आहे तो जेमतेम वीतभर लांबीचा पक्षी आहे. नाव रानपिंगळा, काही जण वनपिंगळा म्हणतात. जगात फक्त भारतात सापडतो, आणि भारतातही मोजक्या ठिकाणी. त्याची ख्याती अशी की तो ११३ वर्षं कोणालाही दिसला नाही. म्हणजे दिसत असणारच, पण ज्यांच्या दिसण्याची पुस्तकात नोंद होते अशा कोणाला दिसला नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या गोष्टीत खानदेशातला एक साहेब आहे, काँग्रेसचा संस्थापक आहे, पदकं मिरवणारा एक लष्करी अधिकारी आहे (जो चोर निघाला), आणि जुन्या चिठ्ठ्या वाचून पक्षी शोधणाऱ्या एक अमेरिकन बाई आहेत. सगळ्यात शेवटी आपलं चिखलोली आहे. ते इथे कसं आलं, ते येईलच.

तर आधी पक्ष्याची ओळख. साधा पिंगळा आपल्याला माहीत असतो. अंबरनाथ-बदलापूरकडे जी काही जुनी चिंचेची, वडाची झाडं शिल्लक आहेत, तिथे तिन्हीसांजेला चिरक्या आवाजात भांडल्यासारखी ओरडणारी जोडी असते ना, तोच तो. त्याच्या नावानं तर आपल्याकडे एक भटकी जमातच ओळखली जाते. भल्या पहाटे कंदील घेऊन दारात येणारा पिंगळा जोशी या पक्ष्याच्या बोलण्यावरून भविष्य सांगतो.

रानपिंगळा हा त्याचा जरा भारदस्त चुलतभाऊ. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याचं डोकं जवळजवळ कोरं. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे, पोट पांढरंशुभ्र, आणि पायांवर लोकरीचे मोजे घातल्यासारखी दाट पांढरी पिसं. आणि मुख्य म्हणजे हा दिवसा वावरतो. चक्क सकाळच्या उन्हात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसून सरडे, उंदीर, नाकतोडे हेरत असतो. घुबड म्हटलं की रात्र, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की दिवसाढवळ्या समोर बसलेलं घुबड नजरेतून निसटू शकतं.

* * *

आता इतिहास. डिसेंबर १८७२ मध्ये, आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लूइट यांनी एक अनोळखी घुबड मारलं. (त्या काळी पक्षी 'बघायचा' म्हणजे गोळी घालायची, कातडी सोलायची आणि आत कापूस भरून पायाला चिठ्ठी बांधायची.) ते पोचलं अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांच्याकडे. हो, तेच ह्यूम, ज्यांच्या पुढाकारानं १८८५ साली मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं. शाळेत त्यांच्याबद्दल आपण एवढंच शिकतो. पण पक्षिशास्त्रात हा माणूस त्याहून मोठा होता. 'स्ट्रे फेदर्स' नावाचं पक्ष्यांचं नियतकालिक ते स्वतः चालवत. १८७३ साली त्यांनी त्यातच या घुबडाचं वर्णन छापलं आणि ब्लूइटच्या नावावरून त्याला 'हेटेरोग्लॉक्स ब्लूइटी' असं नाव दिलं.

ह्यूम यांची पुढची कथा ऐकून कोणाच्याही पोटात गोळा येईल. भारतातल्या पक्ष्यांवरच्या मोठ्या ग्रंथासाठी वर्षानुवर्षं लिहून ठेवलेली त्यांची हस्तलिखितं ते सिमल्याबाहेर असताना घरच्या नोकरानं बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. बॅकअप नाही, काही नाही. त्यांचं मन उडालं आणि हजारो पक्ष्यांचा अख्खा संग्रह त्यांनी १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला.

त्याच सुमाराला आपल्या खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचा मुलकी अधिकारी होता. वसुलीची कामं सांभाळून पश्चिम खानदेशातले पक्षी टिपायचा. १८८० ते १८८४ या काळात शहादा-तळोद्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी त्याला हे घुबड अनेकदा मिळालं. प्रत्येक कातडीच्या पायाला त्यानं चिठ्ठी बांधली. तारीख, ठिकाण, कोणी मिळवलं. बस, इतकंच.

आणि मग शांतता. १८८४ नंतर काही नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात जुनी कातडी, एवढाच या पक्ष्याचा पुरावा.  आणि त्यांतल्याच एका कातडीपाशी घोळ आहे.

* * *

कर्नल रिचर्ड माइनर्टझागेन म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या साहसकथांमधला नायक. सैनिक, हेर, मोठा पक्षितज्ज्ञ. पहिल्या महायुद्धात तुर्की फौजेला बनावट कागदपत्रांची पिशवी सापडेल अशी व्यवस्था करून फसवल्याचं श्रेय तो घेत असे. (त्या कथेतही त्याचा वाटा नक्की किती, यावर आता वाद आहेत.) त्यानं आपला वीस हजारांच्या आसपास पक्ष्यांचा संग्रह १९५४ साली ब्रिटिश म्युझियमला दान केला. त्यात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, ऑक्टोबर १९१४. हे मांडवी म्हणजे आपल्या मुंबईतलं नव्हे, गुजरातमध्ये तापीकाठी आहे ते.

जगातली सगळ्यात 'ताजी' नोंद तीच. त्यामुळे शोधणारे साहजिकच तिच्यावर विसंबले. सत्तरच्या दशकात खुद्द सलीम अली आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियनचे डिलन रिप्ली यांनी या पक्ष्याचा शोध घेतला. एवढी मोठी माणसं, पण हाती काही लागलं नाही. मग हळूहळू पुस्तकांमध्ये 'बहुधा नामशेष' असा सूर यायला लागला.

माइनर्टझागेनच्या प्रामाणिकपणाबद्दल संग्रहालयातल्या लोकांना पूर्वीपासून शंका होती. परवानगीशिवाय नमुने नेल्याबद्दल त्याला एकदा दीड वर्ष पक्षिविभागात यायलाच बंदी केली होती. पण मोठा माणूस, वजनदार ओळखी. तो १९६७ साली वारला तोपर्यंत कोणी जाहीरपणे काही बोललं नाही. १९९३ मध्ये अॅलन नॉक्स यांनी त्याच्या संग्रहातल्या काही पक्ष्यांची छाननी करून ही सरळसरळ लबाडी असल्याचं छापलं, आणि झाकण उघडलं.

इथे पामेला रासमुसेन येतात. रिप्लींनी दक्षिण आशियातल्या पक्ष्यांचं मोठं मार्गदर्शक पुस्तक करायला घेतलं होतं, त्या कामावर त्या स्मिथसोनियनमध्ये होत्या. कुठला पक्षी कुठे सापडतो याचे नकाशे करायचे, तर आधी जुन्या नोंदी विश्वासार्ह हव्यात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? रासमुसेन आणि निगेल कॉलर यांनी तो मांडवीचा रानपिंगळा बारकाईनं तपासला, एक्स-रे काढले. जुन्या काळी कातडी भरण्याची प्रत्येकाची हातोटी वेगळी असे, हस्ताक्षरासारखी. या नमुन्याचा जुना कापूस काढून पुन्हा भरलेला होता, पण आतल्या खुणा ओरडून सांगत होत्या की मूळ हात डेव्हिडसनचा आहे. म्हणजे साहेबांनी डेव्हिडसनचा खानदेशातला पक्षी ब्रिटिश म्युझियममधून चोरला, त्याला नवीन चिठ्ठी लावली, आणि पुढे तोच पक्षी त्याच म्युझियमला दान करून वाहवा मिळवली! चोरी करून परत आहेरही चोरीच्याच मालाचा.

आपल्यापैकी जे डेटाबेसवर काम करतात त्यांना हे पटकन कळेल. टेबलमधून एखादी रो उडाली तर कधी ना कधी लक्षात येतं. पण एखादी रो खोटी असेल, फॉरमॅट व्यवस्थित, सगळे कॉलम भरलेले, तर ती वर्षानुवर्षं बिनबोभाट राहते आणि तिच्यावर आधारलेला प्रत्येक रिपोर्ट चुकत जातो. रानपिंगळ्याच्या बाबतीत हेच झालं. चोरानं नुसती एक कातडी चोरली असती तर फार बिघडलं नसतं. त्यानं तिचं ठिकाण आणि तारीख चोरली.

रासमुसेन यांनी मग सोपी गोष्ट केली. मांडवीची नोंद यादीतून काढून टाकली आणि उरलेल्या जुन्या, प्रामाणिक चिठ्ठ्यांवरच्या जागा धरल्या. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट असे तिघे भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पाहिल्या. काही नाही. मग शहाद्याजवळ, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात (नंदुरबार जिल्हा १९९८ साली वेगळा झाला), सातपुड्याच्या पायथ्याला पोचले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका उघड्या झाडावर, स्वच्छ उन्हात, कोऱ्या डोक्याचं आणि पांढऱ्या पायांचं एक घुबड बसलेलं होतं.

डेव्हिडसनच्या चिठ्ठीनंतर ११३ वर्षांनी, डेव्हिडसनच्याच मुलखात. शहाद्याच्या त्या डोंगरातल्या भिल्ल-पावरा लोकांच्या चार पिढ्या मध्ये होऊन गेल्या. त्यांच्या लेखी काहीच हरवलेलं नसणार. पक्षी होता तिथेच होता, हरवला होता तो आपल्या कागदावरून.

* * *

यानंतर चित्र भराभर बदललं. मुंबईच्या बीएनएचएसतर्फे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे, फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या परिसरात त्याचा अभ्यास सुरू केला, पुढे गिरीश जठार यांनी तो नेला. मेळघाटात सापडला, जळगावच्या यावल अभयारण्यात सापडला, मध्य प्रदेशात खंडवा-बुऱ्हाणपूरकडे सापडला. २०१४ साली गुजरातमधल्या डांगच्या पूर्णा अभयारण्यातही मिळाला. नकाशा उघडून बघा, माइनर्टझागेनच्या मांडवीपासून हे फार लांब नाही. खोटं बोलतानाही बेट्यानं जागा बरी निवडली होती! पण म्हणून खोटं खरं होत नाही. अंदाज बरोबर निघाला तरी ती नोंद ठरत नाही.

आणि त्याच वर्षी आपल्या दृष्टीनं सगळ्यात मोठी बातमी आली. २०१४ मध्येच रानपिंगळा तानसा अभयारण्यात दिसला. सातपुड्यात नाही, मेळघाटात नाही, ठाणे जिल्ह्यात! शहाद्यापासून सरळ रेषेत अडीचशे किलोमीटर दक्षिणेला, आणि चिखलोलीपासून उत्तरेला अवघं चाळीसेक किलोमीटर. तानसाचं धरण १८९२ सालचं. मुंबईकरांना पाणी मिळावं म्हणून त्याभोवतीचं जंगल राखलं गेलं, १९७० साली त्याचं अभयारण्य झालं. मुंबईच्या घराघरांत या जंगलातून येणारं पाणी सव्वाशे वर्षं नळाला येतंय, आणि त्याच जंगलात जगातलं एक अतिदुर्मीळ घुबड बसलेलं आहे हे कळायला २०१४ साल उजाडावं लागलं.

मग आता सगळं आलबेल का? नाही.

आययूसीएनच्या यादीत २०१८ साली त्याची श्रेणी 'अतिसंकटग्रस्त' वरून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' अशी आणली. वाचून बरं वाटतं. पण ही बढती पक्षी वाढले म्हणून मिळालेली नाही, नवीन जागा नोंदल्या गेल्या म्हणून मिळाली. अंदाज आजही प्रौढ पक्षी हजारापेक्षा कमी, असाच आहे. म्हणजे सुधारणा झाली ती कागदावर. जंगलात काय चाललंय ते वेगळंच आहे.

त्याला लागतं ते जंगल आपल्या डोळ्यांना 'जंगल' वाटतच नाही. विरळ सागवान, मध्ये मोकळी जागा, खाली गवत आणि पाचोळा, आणि ढोली असलेली जुनी झाडं. घरटं ढोलीतच. घनदाट हिरवंगार काही नाही. अशा जागेला आपण 'उजाड माळ' म्हणतो, सरकारी भाषेत ती 'अवनत वनजमीन' होते, आणि कुठलाही प्रकल्प आला की पहिली नजर तिच्यावर पडते. सातपुड्याच्या पायथ्याची अशी जंगलं शेतीखाली आणि तोडीखाली आक्रसत गेली. मेळघाटाच्या वेशीवर तापीवरच्या प्रस्तावित धरणामुळे त्याची वस्ती बुडेल अशी भीती अभ्यासकांनी मांडली. तानसाच्या परिसरातून समृद्धी महामार्ग गेला, त्याचा शेवटचा इगतपुरी ते आमणे हा टप्पा जून २०२५ मध्ये सुरूही झाला. वणवे आहेत. ढोलीवाली म्हातारी झाडं सरपणाला सगळ्यात आधी जातात, कारण ती 'कामाची' नसतात.

आणि अंधश्रद्धा. घुबड दिसलं की अपशकुन, म्हणून दगड. शिवाय मांत्रिकांसाठी घुबडांची चोरटी विक्री चालते. ट्रॅफिक-इंडिया या संस्थेनं २०१० साली घुबडांच्या व्यापारावर अहवाल काढला, त्यात दिवाळीच्या सुमाराला हा धंदा वाढतो असं म्हटलं होतं. लक्ष्मीचं वाहन मारायचं, तेही लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येला. यावर काय बोलणार! वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. कायद्यात तरी.

* * *

आता चिखलोली. इथे रानपिंगळा आहे असं मी अजिबात म्हणत नाही. माझा मुद्दा वेगळा आहे.

मध्य रेल्वेच्या नकाशावर अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोली हे नाव नव्यानं उमटतंय. स्टेशन येणार म्हटल्यावर टॉवर येतात, फ्लॅटच्या जाहिराती येतात. मीही त्याच लोकलनं जाणारा माणूस आहे, इथे स्टेशन नको असं म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण गाडीच्या खिडकीतून मलंगगड-तावली-चंदेरीची रांग दिसते, पलीकडे बारवीच्या बाजूचं सागाचं रान आहे, चिखलोलीच्या धरणाचं पाणी आहे. या मुलखात कुठली घुबडं आहेत, कुठली रानमांजरं, खवले मांजर उरलंय का, किती पाली आणि बेडूक आहेत? एखाद्या प्रकल्पाआधी जो पर्यावरण अहवाल होतो, तो थोड्या दिवसांच्या पाहणीवर आणि आधीच्या नोंदींवर उभा असतो. आधीच्या नोंदीच नसतील तर अहवालात येतं : 'उल्लेखनीय वन्यजीव आढळले नाहीत.' वाचणाऱ्याला त्याचा अर्थ 'इथे काही नाही' असा लागतो. खरा अर्थ असतो, 'इथे कोणी लिहून ठेवलेलं नाही.'

माइनर्टझागेननं खोटी चिठ्ठी लावून एका पक्ष्याला भलतीकडे पाठवलं. आपण चिठ्ठीच न लावून कितीतरी प्राण्यांना कुठेच नाही असं ठरवतोय. शेवटी दोन्हींचा परिणाम फार वेगळा नाही.

अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलालेख आहे. त्यावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, आणि शिलाहार राजा मुम्मुणी याचं नाव आहे. तेवढ्या दोन-चार ओळी कोणीतरी दगडात कोरून ठेवल्या, म्हणून साडेनऊशे वर्षांनंतर ते मंदिर कधीचं आणि कोणाच्या काळातलं हे आपण ठामपणे सांगतो. डेव्हिडसनची चिठ्ठी काय आणि हा शिलालेख काय, जात एकच. तारीख, ठिकाण, नाव. खरं ते लिहायचं आणि पुढच्या माणसासाठी ठेवून द्यायचं.

हे काम करायला पीएचडी लागत नाही. शनिवारी सकाळी दुर्बीण घेऊन तासभर फिरा. दिसलं ते तारीख, वेळ, जागा, संख्या यांसकट लिहा. ई-बर्डसारख्या सोयी फुकट आहेत, बीएनएचएस मुंबईतच आहे. ओळख पटली नाही तर 'पिंगळ्यासारखा' असंच लिहा, उगाच दुर्मीळ नाव ठोकू नका, कारण एक खोटी रो काय करते ते आपण वर पाहिलं. फोटोसाठी मोबाईलवर त्याचा आवाज वाजवून पक्ष्याला बाहेर काढू नका आणि घरट्याची जागा ग्रुपवर टाकू नका. आणि जमलं तर ठाकूर-कातकरी वाड्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. त्यांना जे माहीत आहे ते कोणत्याच संग्रहालयाच्या कपाटात नाही, आणि ती माणसं काही कायम राहणार नाहीत.

नोंद केल्यानं प्राणी वाचतोच असं नाही. पण ज्याची नोंदच नाही त्याच्यासाठी भांडणार कशाच्या जोरावर?

असो. बरंच लांबलं. तानसाला जाणार असाल तर पहाटे लवकर निघा, आणि घुबड शोधताना ऊन चढलं म्हणून परत फिरू नका.